घड्याळाच्या शिंगावरचा चरा

पुण्यात जूनच्या मध्याला पाऊस स्थिरावू लागला, की चामड्याच्या पट्ट्याचे महागडे घड्याळ वापरणाऱ्यांपुढे दरवर्षीचा प्रश्न उभा राहतो. भिजलेले चामडे दमट हवेत नीट वाळत नाही, त्याला आतून बुरशी धरते आणि कुबट वास येऊ लागतो. म्हणून चार महिन्यांपुरता रबरी किंवा पोलादी पट्टा चढवायचा आणि दसऱ्याच्या सुमारास चामड्याचा पुन्हा लावायचा, असा अनेकांचा शिरस्ता असतो. काम पाच मिनिटांचे आहे. मात्र त्या पाच मिनिटांत हत्याराचे टोक एकदा निसटले, तर आरशासारख्या घासलेल्या कडेवर पांढरी रेघ उमटते आणि पुढे कित्येक दिवस वेळ पाहताना आधी ती रेघच दिसते. माझ्या घड्याळावर सातच्या आकड्याजवळ अशी एक रेघ आहे. ती दुसऱ्या कोणी नव्हे, मीच आळसाने पाडली.

घड्याळाच्या डब्याला चार बाजूंना जी शिंगे पुढे आलेली असतात, त्यांना कारागीर ‘लग’ म्हणतात. समोरासमोरच्या दोन शिंगांमध्ये साधारण १.५ ते २ मिलिमीटर जाडीची एक पोकळ नळी आडवी बसते. नळीत बारीक स्प्रिंग असते आणि तिच्या दोन्ही टोकांना आतबाहेर सरकणाऱ्या दोन खुंट्या असतात. ही झाली स्प्रिंगपिन. खुंटी शिंगाच्या आतील छिद्रात शिरली की पट्टा अडकतो. तो काढण्यासाठी दुबेळक्या टोकाचे हत्यार खुंटीच्या खांद्यावर टेकवून तिला आत दाबावे लागते आणि त्याच वेळी बाहेरही ओढावे लागते. सगळी गोम या दुहेरी जोरात आहे. स्प्रिंगच्या विरोधामुळे हात जोर लावत राहतो. टोक खांद्यावरून सुटले की विरोध एका क्षणात नाहीसा होतो, पण हाताला थांबण्याचा निरोप पोहोचायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात टोक शिंगावरून फिरून आलेले असते. म्हणून ‘जपून करा’ या सल्ल्याचा येथे फारसा उपयोग नाही. टोक सुटणारच आहे असे धरून ते कोठे जाईल हे आधी ठरवणे अधिक शहाणपणाचे आहे: मनगट टेबलावर टेकलेले असावे आणि जोराची दिशा शिंगाकडे नसून पट्ट्याकडे असावी.

टोक शिंगाला लागले तरी चरा पडतोच असे नाही. तो पडतो की नाही हे काठिण्यावर ठरते. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिश मोहस याने १८१२ मध्ये खनिजांची दहा पायऱ्यांची उतरंड मांडली: शंखजिरे १ वर आणि हिरा १० वर, वरच्या पायरीवरचे खनिज खालच्यावर ओरखडा काढते. धातूंसाठी अधिक नेमके माप १९२१ मध्ये इंग्लंडमधील विकर्स कंपनीत तयार झाले. त्यात हिऱ्याचा पिरॅमिड ठरावीक वजनाने दाबतात आणि पडलेला खळगा मोजतात. बहुतेक चांगली घड्याळे ३१६एल या पोलादाची असतात आणि त्याचे विकर्स काठिण्य साधारण १५० ते २०० भरते. हत्याराचे टोक पाणी दिलेल्या पोलादाचे असल्याने ६०० च्या घरात असते. सामना मुळातच विषम आहे, आणि घड्याळाची किंमत वाढली म्हणून त्यात फरक पडत नाही. रोलेक्स वापरते ते ९०४एल पोलाद गंजाला अधिक दाद न देणारे आहे, पण चऱ्यांच्या बाबतीत ते ३१६एलहून फारसे वेगळे नाही. आणि १८ कॅरेट सोने तर बहुधा पोलादाहून मऊच असते.

आता थोडे गणित. समजा, निसटलेल्या टोकाचा कोपरा शिंगावर अर्धा किलो वजनाइतक्या जोराने टेकला आणि स्पर्शाची जागा एक विसांश मिलिमीटर लांब व तितकीच रुंद आहे. क्षेत्रफळ भरते ०.००२५ चौरस मिलिमीटर आणि दाब होतो २,००० मेगापास्कल. पोलादाचे काठिण्य याच एककात मांडले तर सुमारे १,६०० येते. म्हणजे धातूला माघार घ्यावीच लागते. आता शिंगावर चिकटपट्टीचे दोन थर लावले आणि तोच जोर एक चौरस मिलिमीटरवर पसरला, तर दाब ५ मेगापास्कलवर येतो. पट्टीवर व्रण उमटतो, पण पोलादाला त्याचा पत्ताही लागत नाही. काही तज्ज्ञ त्यासाठी पॉलिइमाइड या प्लास्टिकची सोनेरी पट्टी वापरतात, कारण ती पातळ असूनही चिवट असते आणि मागे चिकटा सोडत नाही. घरी रंगाऱ्यांची मास्किंग टेप पुरेशी होते. वायरमनची काळी टेप मात्र टाळावी. तिचा गोंद पुसताना घासाघास होते आणि नको ते तिथेच होते.

घासाघास नको, याचे पुण्यातले एक खास कारण आहे. हे शहर दख्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्यावर वसलेले आहे. टेकडीवरची माती, रस्त्यावरची खडी, बांधकामांसाठी दळलेली कृत्रिम वाळू ही सगळी त्याच काळ्या कातळाची लेकरे आहेत. या कातळात प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार भरपूर असते आणि मोहसच्या मापावर ते ६ ते ६.५ वर बसते. कातळाच्या पोकळ्यांत सापडणारे क्वार्ट्झ ७ वर. ३१६एल पोलाद जेमतेम ४ च्या आसपास असते. (वाघोलीच्या खाणींतील ज्या निळ्या कॅव्हॅनसाइटसाठी जगभरचे संग्राहक पुण्याचे नाव घेतात, ते खनिज मात्र ३ ते ४ वर, म्हणजे निरुपद्रवी आहे.) तेव्हा पट्ट्याच्या सांध्यात साचलेला मळ म्हणजे घाम, मृत त्वचा आणि पोलादाहून कठीण अशी कणी यांचे मिश्रण समजावे. पट्टा काढण्यापूर्वी ते मऊ ब्रशने झटकावे. घड्याळ जलरोधक असेल आणि वेळ लावायची बाजूची किल्ली घट्ट बसलेली असेल, तर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन घेणे उत्तम. चामड्याचा पट्टा असेल, तर हे धुणे पट्टा निघाल्यावर करावे. घड्याळ पालथे ठेवण्याचे कापडही नुकतेच धुतलेले हवे. खिडकीतल्या धुळीने माखलेल्या मखमलीपेक्षा साधा सुती पंचा बरा.

हत्याराकडे एकदा भिंगातून पाहावे. स्वस्त पट्ट्यासोबत फुकट मिळणाऱ्या हत्याराचे दुबेळके बहुधा जाड आणि कडा उठलेले असते, त्यामुळे ते खांद्यावर नीट बसतच नाही. स्वित्झर्लंडमधील बेर्जों या १७९१ पासूनच्या कंपनीचे ६७६७ हे हत्यार कारागिरांत रूढ आहे, आणि पोलादी पट्ट्यासाठी दोन्ही खुंट्या एकदम दाबणारा तिचाच ७८२५ हा चिमटा सोयीचा पडतो, कारण त्यात एका बाजूचा जोर दुसरी बाजू तोलून धरते. शिंगांना आरपार छिद्रे असतील तर बाहेरून सुईसारख्या टोकाने खुंटी आत ढकलावी; निसटण्याचा प्रश्न तेथे जवळजवळ उरत नाही. जुना चामड्याचा पट्टा टाकूनच द्यायचा असेल, तर तो पिनेजवळ कापून टाकावा आणि उघडी पडलेली पिन निवांत काढावी.

बरेच चरे काढताना नव्हे, तर नवा पट्टा बसवताना पडतात. एक खुंटी छिद्रात गेली, की दुसरी छिद्र शोधत शिंगाच्या आतल्या भिंतीवर ओढली जाते. हे चरे पट्ट्याआड झाकलेले राहतात, त्यांची खंत करू नये. पोलादी पट्ट्याचा घट्ट बसणारा शेवटचा तुकडा मात्र तिरका शिरला, तर शिंगाच्या दर्शनी कडेला ओरबाडतो; टेपचा खरा उपयोग तेथे होतो. शेवटी ‘टक्’ असा आवाज आल्यावर पट्टा जोराने ओढून पाहावा, कारण अर्धवट बसलेली पिन सुटली तर घड्याळ फरशीवर पडते, आणि त्यापुढे चरा ही चैन वाटेल.

इतके करूनही रेघ पडलीच, तर ती दिसते का, हे आधी समजून घ्यावे. दिव्याखाली स्टीलचे ताट धरले, की बल्बच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांची वर्तुळे दिसतात. खरे तर ताटावर घासणीच्या रेघा सर्व दिशांना असतात, परंतु ज्या प्रतिबिंबाभोवती आडव्या येतात त्याच प्रकाश डोळ्याकडे वळवतात. घड्याळावरची रेघही अशीच एखाद्या कोनातून चमकते आणि मनगट जरा फिरवले की लपते. काही मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीची रेघ डोळ्याला सहज दिसते ती तिच्या आकारामुळे नव्हे, तर भोवतीच्या आरशामुळे. त्याच रुंदीची रेघ ब्रश केलेल्या पृष्ठभागावर रेषांच्या दिशेनेच पडली, तर ती गर्दीत हरवते.

चऱ्यातून धातू नेहमीच निघून गेलेला नसतो. पुष्कळसा तो नांगरटीतल्या मातीसारखा दोन्ही काठांवर सरकलेला असतो. पण तो परत चरात ढकलता येत नाही. पॉलिश म्हणजे भोवतालचा सगळा पृष्ठभाग चराच्या तळापर्यंत खाली आणणे. १० मायक्रोमीटर खोल चरा घालवायचा तर तेवढा थर सगळीकडून काढावा लागतो. तो केसाच्या जाडीचा एक लहान अंशच असला तरी अशी दोन-चार पॉलिशे झाली की शिंगाच्या धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. जुन्या घड्याळांचे जाणकार न घासलेल्या डब्याला अधिक मोल देतात ते यामुळेच. आरशासारख्या पोलादावरील केसाएवढी रेघ पॉलिशच्या ओलसर कापडाने फिकी करता येते, मात्र शेजारचा ब्रश केलेला भाग टेपने झाकूनच. ब्रश केलेल्या भागावर नायलॉनची घासणी एकाच दिशेने, हात न उलटवता फिरवतात. हा हात आधी घरातल्या जुन्या वाटीवर बसवावा. काळ्या लेपाच्या किंवा सोन्याचा मुलामा दिलेल्या घड्याळाला यातले काहीही लावू नये: लेपाची जाडीच काही मायक्रोमीटर असते, घासाल तर लेपच जाईल. सिरॅमिकवर पोलादाने चरा सहसा पडत नाही. तेथे राखाडी रेघ दिसली तर ती बहुधा हत्याराचाच धातू त्यावर माखलेला असतो. खोल खड्डा पडला असेल, तर लेसरने धातू भरून कड पुन्हा घडवणाऱ्या कुशल कारागिराकडेच जावे.

गंजाची भीती मात्र बाळगू नये. पोलादातील क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो आणि ओरखडा पडल्यावर तो जवळजवळ तत्काळ पुन्हा जमतो. सातच्या आकड्याजवळची माझी रेघ मी गेल्या आठवड्यात दहापट भिंगाखाली पाहिली: दोन्ही काठ उचललेले, तळ स्वच्छ, गंजाचा ठिपकाही नाही. ती मी तशीच ठेवली आहे. तिच्यावर टेपचे दोन थर लावले आणि मग रबरी पट्टा चढवला.