ॲड इनपुटच्या यादीत ५० आलं कुठून

गणपती जवळ आले की मंडळाची नवीन पोरं लॅपटॉप घेऊन एलईडी वॉल चालवायला बसतात, व्हिडिओ मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲड इनपुट दाबतात, कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं कार्ड) निवडतात आणि समोर १०८०आय ५०, १०८०पी २५, १०८०पी ६० अशी लांबलचक यादी येते. बरेच जण ६० मारतात कारण आकडा मोठा, आणि वॉल काळी. कॅमेरा ५०आय देतोय, कार्डला सांगितलंय ६०, फॉरमॅट आपोआप ओळखणारं कार्ड नसेल तर चित्र येणारच नाही.

हे ५० आलं विजेतून. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून पाल या टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला ५० फील्ड (म्हणजे अर्धी चित्रं) आणि चित्राच्या ६२५ रेषा, अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची म्हणून तिकडे ६०. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, १९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत पाल आलं, आणि तेव्हापासून आपले कॅमेरे ५० च्याच घरातले. आय म्हणजे इंटरलेस, आधी एक सोडून एक रेषा आणि मग मधल्या उरलेल्या; पी म्हणजे प्रोग्रेसिव्ह, सगळ्या रेषा एका दमात. ट्यूबच्या टीव्हीवर इंटरलेस छान दिसायचं. एलईडी वॉल मात्र सगळ्या रेषा एकदम दाखवते, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस टाकलं नाही तर आरती ओवाळणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात, नीट बघा एकदा.

लॅपटॉपचं घराणंच वेगळं, तो कॉम्प्युटर मॉनिटरच्या बाजूने आला, म्हणून त्याचं आउटपुट बहुतेक ६०. दोन्ही एका वॉलवर आले की कुणीतरी एकाने बदलायला लागतं.

आधी वेगवेगळी इनपुट जुळवायचं काम पॅनासॉनिकच्या एमएक्स ५० सारखे व्हिडिओ मिक्सर करायचे. चार इनपुट, मागे बीएनसी कनेक्टरच्या वायरी, आणि दोन कॅमेरे एकमेकांच्या तालात नसले तरी आतला फ्रेम सिंक्रोनायझर त्यांना जुळवून घ्यायचा. लग्नाच्या शूटिंगवाल्यांना त्याची किंमत माहितीये. आता तेच काम सॉफ्टवेअर गुपचूप करतं म्हणून कुणाला कळत नाही.

चित्र नेणाऱ्या जोडण्यांचीही अशीच दोन घराणी. एसडीआय १९८९ चं, टीव्ही स्टुडिओसाठी बनलेलं, बीएनसीचं टोक फिरवून लॉक होतं आणि चांगली केबल असेल तर एचडी सिग्नल १०० मीटरच्या आसपास जातो. एचडीएमआय २००२ चं, घरातल्या टीव्हीसाठी, म्हणून त्यात सिनेमाची चोरी होऊ नये यासाठी एचडीसीपीचं कुलूप. गोरेगावला एका कंपनीच्या कार्यक्रमात पाहुण्यांचा लॅपटॉप आमच्या कार्डवर काळाच, दोनदा केबल बदलली, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं, तोच लॅपटॉप साध्या मॉनिटरला लावला तर चित्र स्वच्छ. मॉनिटरकडे किल्ली होती, कार्डकडे नव्हती. शेवटी प्रेझेंटेशन पेन ड्राइव्हवर घेऊन आमच्या लॅपटॉपवरून चालवलं.

२०१५ मध्ये न्यूटेक कंपनीने एनडीआय आणलं, म्हणजे नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवायची पद्धत, एकाच नेटवर्कवर असाल तर इनपुट आपोआप नावासकट यादीत येतं, वायर ओढायची ती फक्त लॅनची. मंडपातल्या वायफायवर मात्र हे चालवू नका, गर्दी वाढली की चित्र अडकतं. आणि एनडीआय असो वा एसडीआय, इनपुट टाकण्याआधी कॅमेरावाल्या दादांना विचारा, ५०आय आहे का २५पी.