रक्तदात्यांमधील हिपॅटायटिस बी

रक्तदानासाठी आलेल्या, स्वतःला ठणठणीत समजणाऱ्या माणसांपैकी किती जणांच्या रक्तात हिपॅटायटिस बी (कावीळ ‘ब’) विषाणूची लागण आढळते, त्याचे प्रमाण. भारतातील रक्तपेढ्यांच्या राष्ट्रीय पाहणीत २०१५ साली ते ०.८७ टक्के भरले. हिपॅटायटिस सी ०.३४, तर एचआयव्ही ०.१४ टक्के होता. लोकांच्या मनात धास्ती एचआयव्हीची असते, पण रक्ताच्या पिशव्या सर्वाधिक बाद होतात त्या कावीळ ‘ब’मुळे.

या विषाणूची ओळख रक्तसंक्रमणातूनच पटली. अनेकदा रक्त घेतलेल्या हिमोफिलियाच्या (रक्त न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे परक्या घटकांना ओळखणारी प्रथिने, एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तातील प्रथिनाला चिकटतात, असे अमेरिकी शास्त्रज्ञ बारूच ब्लुमबर्ग यांना दिसले. हा ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणजे विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिन. आजची एचबीएसएजी चाचणी तेच शोधते. ब्लुमबर्ग यांना १९७६ चे नोबेल मिळाले.

दात्यांमधील प्रमाण म्हणजे समाजातील प्रमाण नव्हे, आणि इथेच वाचणाऱ्याची हमखास गफलत होते. दाता १८ ते ६५ वयाचा असतो, भारतात तर बहुतेक वेळा पुरुष. कावीळ झाल्याचे सांगणाऱ्याला टेबलावरूनच परत पाठवतात. नियमित दात्यांतले बाधित आधीच्या खेपेला वगळलेले असतात, म्हणून पहिल्यांदा रक्त देणाऱ्यांत आकडा चढा दिसतो. रुग्णासाठी धावाधाव करून आणलेल्या ‘बदली’ दात्यांतही तो सहसा जास्त असतो, कारण अशा वेळी नातेवाईक काही लपवून ठेवण्याची शक्यता वाढते. पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली.

बाळपणी, बहुधा आईकडून, लागण झालेल्या दहापैकी नऊ अर्भकांत विषाणू कायमचा मुक्काम करतो. प्रौढपणी लागण झालेल्यांपैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक जण त्यातून मोकळे होतात. म्हणून वाहक दात्याला, म्हणजे बहुधा लहानपणापासूनच विषाणू अंगात बाळगणाऱ्याला, आपल्याला काही आहे याचा पत्ताच नसतो. नव्या लागणीनंतरचे काही आठवडे एचबीएसएजी चाचणीला विषाणू सापडत नाही. विषाणूची जनुके शोधणारी नॅट चाचणी हा काळ कमी करते, पण ती देशात सक्तीची नाही. दर दोन-चार आठवड्यांनी रक्त घेणाऱ्या थॅलेसेमियाच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) मुलांच्या वाट्याला हा धोका पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे त्यांना लस देणे अगत्याचे ठरते.

बाद झालेली पिशवी नष्ट होते, माणूस मात्र मागे राहतो. चाचणीत दोष निघाल्यास कळवावे का, हे दात्याच्या अर्जातच विचारलेले असते. तरीही शिबिरातल्या गर्दीत अर्धवट लिहिलेल्या पत्त्यामुळे निरोप पोहोचत नाही, किंवा पोहोचूनही दाता समुपदेशनाला फिरकत नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधोपचार मोफत आहेत.

बालकांसाठी ही लस राष्ट्रीय लसीकरणात २०११ पर्यंत देशभर पोहोचली. त्या वर्षी जन्मलेली मुले २०२९ मध्ये रक्तदानाच्या वयाची होतील.