कावळा, पत्रिका आणि डार्विन: विज्ञानाची हद्द कुठे, हा प्रश्न आला कुठून

मास्सिमो पिल्यूची हे नाव ज्यांनी ऐकलंय त्यातले बहुतेक जण त्यांना स्टोइक तत्त्वज्ञानामुळे, म्हणजे जे आपल्या हातात आहे त्यावरच लक्ष द्या सांगणाऱ्या प्राचीन ग्रीक-रोमन विचारामुळे ओळखतात. पण हा माणूस मुळात उत्क्रांतीवर काम करणारा जीवशास्त्रज्ञ. जन्म १९६४ चा, वाढले रोममध्ये, एक डॉक्टरेट जनुकशास्त्रात, दुसरी जीवशास्त्रात, आणि ती दोन्ही असताना पुन्हा विद्यार्थी होऊन तिसरी विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात. आता न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये तत्त्वज्ञान शिकवतात. लोकांना वाटतं उत्क्रांती, छद्मविज्ञानाशी (म्हणजे विज्ञानाचा आव आणणाऱ्या गोष्टींशी) भांडण आणि स्टोइसिझम हे तीन वेगवेगळे नाद आहेत. मला तसं अजिबात वाटत नाही. या तिन्हींच्या मागे एकच जुना प्रश्न आहे, विज्ञान कशाला म्हणायचं आणि कशाला नाही, आणि त्यात गंमत अशी की सुरुवातीला स्टोइक लोक चुकीच्या बाजूला उभे होते.

तर आधी इसवी सनापूर्वी ४४ मध्ये जाऊ. सीझरचा खून झाला त्याच वर्षी रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरोने भविष्यकथनावर एक संवाद लिहून पूर्ण केला. रोमजवळ टस्क्युलम इथे त्याचं घर होतं, तिथे तो आणि त्याचा धाकटा भाऊ क्विंटस गप्पा मारतायत अशी मांडणी. पहिल्या भागात क्विंटस शकुन, स्वप्नं, बळी दिलेल्या जनावराच्या यकृतावरच्या खुणा या सगळ्याची बाजू घेतो आणि त्याचे मुद्दे जवळपास सगळे स्टोइकांचे. स्टोइक म्हणायचे की हे विश्व एकच जिवंत शरीर आहे, सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे, मग एका ठिकाणची खूण दुसऱ्या ठिकाणची घटना का सांगणार नाही? पोसिडोनियस नावाच्या मोठ्या स्टोइकाने तर स्पेनच्या किनाऱ्यावर काडिझला जाऊन समुद्राची भरती-ओहोटी बघितली आणि ती चंद्राशी कशी जोडलेली आहे हे मांडलं, म्हणजे तो निरीक्षण करणारा माणूस होता, भोळा नव्हता.

आता दुसऱ्या भागात सिसेरो काय म्हणतो बघा. चंद्रामुळे भरती येते हे तो सरळ मान्य करतो. निसर्गात असे दूरदूरचे संबंध असतात हेही मान्य करतो. आणि मग विचारतो की या सगळ्याचा माझ्या नफ्या-तोट्याशी आणि यकृताच्या भेगेशी संबंध काय? हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून जरा वेळ बसून राहिलो, कारण आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत कोणी पत्रिकेबद्दल शंका काढली की एखादे काका हमखास म्हणतात, "अरे चंद्रामुळे समुद्राला भरती येते, मग माणसाच्या अंगात तर सत्तर टक्के पाणी, त्याच्यावर परिणाम नाही होणार?" तो मुद्दा दोन हजार वर्षांपूर्वीच येऊन गेलाय आणि त्याचं उत्तरही तेव्हाच दिलं गेलंय.

सिसेरोचे आणखी दोन दाखले मला फार आवडतात. एक जुळ्यांचा: प्रोक्लीझ आणि युरिस्थेनीझ हे स्पार्टाचे जुळे राजे, जन्म एकत्र, पण आयुष्यं वेगळी. दुसरा कॅनेच्या लढाईचा, जी इसवी सनापूर्वी २१६ मध्ये झाली आणि कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमनांची अक्षरशः कत्तल केली. सिसेरो विचारतो, त्या दिवशी मेलेले सगळे एकाच ग्रहयोगावर जन्मलेले होते का? आणि हे विचारणारा माणूस स्वतः रोमचा अधिकृत शकुन बघणारा पुजारी होता, त्या मंडळाचा सभासद होता. स्टोइकांमधला पॅनेशियस मात्र ज्योतिष नाकारणारा निघाला हेही सिसेरोने प्रामाणिकपणे नोंदवून ठेवलंय. म्हणजे घरातल्या घरात सुद्धा वाद होता.

पुढे शंभर-दीडशे वर्षांनी एपिक्टेटस येतो, गुलामीत जन्मलेला, पायाने अधू. तो एक वेगळीच वाट काढतो. कावळा अशुभ ओरडला तर घाबरू नकोस, म्हणतो, ती खूण फार तर तुझ्या शरीराबद्दल किंवा मालमत्तेबद्दल असेल, तुझ्यासाठी प्रत्येक शकुन शुभच आहे कारण जे होईल त्यातून चांगलं काढणं तुझ्या हातात आहे. शकुन खोटा आहे असं तो म्हणत नाही, पण शकुनाची माणसावरची पकड मात्र तो सोडवून टाकतो. आपल्याकडे आजही दारात कावळा ओरडला की पाहुणे येणार म्हणतात, त्यामुळे हा परिच्छेद मराठी माणसाला लगेच कळतो.

एपिक्टेटसचं दुसरं वाक्य त्याहून लांब गेलं: माणसाला घटना त्रास देत नाहीत, घटनांबद्दलची त्याची मतं त्रास देतात. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिसने याच विचारावर आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी केली आणि एपिक्टेटसचं ऋण उघड मान्य केलं. ती पद्धत महाराष्ट्रात आणली कि. मो. फडके यांनी, एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून, आणि मग त्यांच्याकडून ती इथल्या कितीतरी समुपदेशकांपर्यंत पोचली. त्यामुळे स्टोइसिझम आपल्याकडे रील्समधून आलाय हे खरं नाही, तो आधीच विवेकनिष्ठ मानसोपचार या नावाने येऊन बसला होता, फक्त कोणी त्याला स्टोइक म्हणत नव्हतं. पाश्चात्य देशांत तो पुन्हा उघडपणे आला २०१२ च्या आसपास, इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात लोकांना आठवडाभर स्टोइकासारखं जगून बघा म्हणून उपक्रम सुरू झाला तेव्हा. पिल्यूची या लाटेतले.

बरं, आता हद्दीचा प्रश्न. तो आजच्या रूपात मांडला तत्त्वज्ञ कार्ल पॉपरने. १९१९ चं व्हिएन्ना, महायुद्ध हरलेलं शहर, पॉपर १७ वर्षांचा. त्याच वर्षी २९ मे ला सूर्यग्रहण झालं आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन वगैरेंनी ताऱ्यांचे फोटो काढून आईन्स्टाईनचं भाकीत तपासलं. ताऱ्याचा प्रकाश सूर्याजवळून जाताना ठरलेल्या मापाने वाकला नसता तर सिद्धांत बुडाला असता. दुसरीकडे पॉपर मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अॅडलरच्या हाताखाली मुलांसाठी काम करत होता. एकदा त्याने एका मुलाची केस सांगितली जी त्याला अॅडलरच्या सिद्धांतात बसत नाही असं वाटत होतं. अॅडलरने मुलाला न बघताच न्यूनगंडाच्या भाषेत ती बसवून दाखवली. एवढी खात्री कशी, असं विचारल्यावर उत्तर आलं, माझ्या हजार केसेसच्या अनुभवामुळे. पॉपर म्हणाला, म्हणजे आता तुमचा अनुभव एक हजार एक केसेसचा झाला. त्यातून त्याने काढलेला निकष म्हणजे असत्यता-क्षमता: आपण चूक ठरलो तर ते कसं कळेल, हे जो सिद्धांत आधीच सांगून ठेवतो तो वैज्ञानिक. हे पुस्तकरूपात आलं १९३४ मध्ये.

याचं आपल्याकडचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण पुण्यातलं आहे आणि ते पुन्हा पुन्हा सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. २००१ मध्ये यूजीसीने विद्यापीठांत ज्योतिष शिकवायचं ठरवलं, वैज्ञानिक कोर्टात गेले, २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा शैक्षणिक धोरणाचा विषय म्हणून हात घातला नाही. मग २००८ मध्ये जयंत नारळीकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि सहकाऱ्यांना घेऊन एक चाचणी लावली. २०० मुलांच्या जन्मवेळा जमवल्या, १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या, त्यावरून पत्रिका काढल्या, आणि ज्योतिषांना एकच काम दिलं, कुठली पत्रिका कुठल्या गटातली ते सांगा. प्रत्येकाला ४० पत्रिका. ५१ जणांनी तयारी दाखवली, उत्तरं आली २७ जणांची. नुसती नाणेफेक केली तरी साधारण २० बरोबर यायला हव्यात. सगळ्यात चांगला निकाल २४, आणि सगळ्यांची सरासरी ४६ टक्के. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका घेतल्या, १०२ बरोबर आल्या. हे २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं. नारळीकर सर आता नाहीत, दाभोलकरांना तर २०१३ मध्ये पुण्यात गोळ्या घातल्या, पण पास कशाला म्हणायचं आणि नापास कशाला हे आधी ठरवून मग पाकिटं उघडायची, ही पद्धत त्यांनी मराठी माणसाच्या डोळ्यासमोर करून दाखवली.

आता इथेच एक गाठ आहे. ज्योतिष तपासता आलं, तपासलं, नापास झालं. मग पॉपरच्या निकषाने ते चुकीचं ठरलेलं विज्ञान झालं का? अमेरिकन तत्त्वज्ञ लॅरी लॉडन नेमकं हेच म्हणाला, की पृथ्वी सपाट आहे हेसुद्धा खोटं ठरवता येतं म्हणून ते विज्ञान होत नाही. हा वाद पेटला तो उत्क्रांतीवरून. मुळात पॉपरनेच डार्विनवादाला एकदा तपासता न येणारा, 'तत्त्वमीमांसेचा संशोधन कार्यक्रम' म्हणून ठेवलं होतं, निर्मितीवाद्यांनी, म्हणजे सगळे जीव देवानेच घडवले म्हणणाऱ्यांनी, ते वाक्य झेंड्यासारखं फिरवलं, आणि १९७७ मध्ये केंब्रिजला भाषण देताना पॉपरने आपलं मत बदलल्याचं जाहीर सांगितलं, पण ते बदललेलं मत तेवढं फिरलं नाही. १९८१ मध्ये आर्कान्सा राज्याने शाळेत उत्क्रांतीइतकाच वेळ 'निर्मिती-विज्ञाना'ला द्यायचा कायदा केला. कोर्टात तत्त्वज्ञ मायकेल रूस याने विज्ञानाची लक्षणं सांगितली, न्यायाधीश ओव्हरटन यांनी ती जवळपास तशीच निकालात घेतली आणि जानेवारी १९८२ मध्ये कायदा रद्द केला. लॉडन निर्मितीवादाचा विरोधक, पण हा निकाल चुकीच्या कारणांवर उभा आहे म्हणून चिडला आणि १९८३ मध्ये त्याने लिहिलं की सीमारेषेचा प्रश्नच मेला, सोडून द्या.

तत्त्वज्ञांनी सोडला पण शाळांनी नाही सोडला, सोडता येणारच नव्हता. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावात 'बुद्धिमान रचना', म्हणजे जीव कोणा बुद्धिमान कर्त्याने रचले हा विचार, शाळेत आणण्यावरून खटला उभा राहिला. तिथला एक पुरावा फार बोलका आहे. या विचाराच्या पाठ्यपुस्तकाचे जुने मसुदे कोर्टात आले, तर १९८७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निर्मितीवाद शिकवायला बंदी केल्यानंतर लगेच 'क्रिएशनिस्ट्स' हा शब्द सगळीकडे 'डिझाइन प्रोपोनन्ट्स' असा बदललेला, आणि एका ठिकाणी बदलताना घाई झाली म्हणून दोन्ही शब्द एकमेकांत अडकून 'सीडिझाइन प्रोपोनन्ट्सिस्ट्स' असं काहीतरी राहून गेलेलं. मजकूर तोच होता, वरची पाटी फक्त बदलली होती. न्यायाधीश जोन्स यांनी डिसेंबरमध्ये निकाल दिला की हे विज्ञान नाही.

पिल्यूची नव्वदच्या दशकात टेनेसीत शिकवायला गेले, म्हणजे जिथे १९२५ मध्ये उत्क्रांती शिकवली म्हणून स्कोप्स नावाच्या शिक्षकाला १०० डॉलर दंड झाला त्याच राज्यात. तिथे ते निर्मितीवाद्यांशी जाहीर वाद घालायला लागले आणि मला वाटतं प्रयोगशाळेतून तत्त्वज्ञानाकडे त्यांना त्या वादांनीच ढकललं. २०१३ मध्ये त्यांनी मार्टेन बूड्रीबरोबर एक लेखसंग्रह काढला आणि लॉडनला उत्तर दिलं: एका रेषेने हद्द आखता येत नाही हे खरं, पण म्हणून हद्द नाहीच असं होत नाही. दोन गोष्टी बघा, हातात पुरावा किती आहे आणि त्यामागची समज किती पक्की आहे. भौतिकशास्त्र दोन्हीत वर, ज्योतिष दोन्हीत तळाला, आणि मधे कितीतरी विषय कमी-जास्त. घरातल्या माणसांचे चेहरे जसे एकाच खुणेने नाही तर चार-पाच खुणांनी जुळतात तसं हे ओळखायचं.

आणि हे सांगणारा माणूस स्वतः डार्विनच्या सिद्धांतात भर घाला म्हणणारा होता, हे विसरता कामा नये. त्यांचं काम होतं एकाच जनुकांचं रोप वेगळ्या परिस्थितीत वेगळं का वाढतं यावर. आमच्या बाल्कनीत एकाच तुळशीच्या दोन फांद्या लावल्यात, उन्हातली बुटकी आणि दाट, सावलीतली उंच, किडकिडीत, लांब पेरांची, तसलंच काहीसं. २००८ मध्ये ऑस्ट्रियात आल्टेनबर्गला १६ अभ्यासक जमले आणि उत्क्रांतीच्या चौकटीत असं काय काय जोडायला हवं यावर बोलले. बाहेर लगेच बोंब झाली की डार्विन गेला. गेला वगैरे काही नव्हता, ज्या विषयात आतली माणसं पुरावा घेऊन आपसात भांडतात तो विषय जिवंत असतो, आणि ज्योतिषात असं भांडण मी कधी ऐकलेलं नाही.

आता स्टोइकांकडे परत येऊ. 'निसर्गाला धरून जगा' हे त्यांचं मुख्य सूत्र. त्यांच्या निसर्गात ईश्वरी योजना होती, म्हणून तर शकुनही होते. ती योजना काढली तर खाली काय उरतं? पिल्यूचींचं म्हणणं, माणूस हा कळपात राहणारा आणि विचार करू शकणारा प्राणी आहे एवढं उरतं, आणि ते पुरेसं आहे. दुसऱ्या शतकात हिरोक्लीझने माणसाभोवती वर्तुळं काढली होती, आत आपण, मग घरचे, नातेवाईक, गाव, शेवटी सगळी माणसं, आणि बाहेरची वर्तुळं आत ओढत राहायचं. ही आपलेपणाची सुरुवात कुठून होते ते आज उत्क्रांतीतून समजतं, पण ती वर्तुळं किती आत ओढायची हे उत्क्रांती सांगत नाही, ते आपण ठरवायचं, आणि हा फरक न पाळता "निसर्गातच असं आहे" म्हणून वाटेल ते खपवणारे लोक पिल्यूचींनी तितक्याच कडकपणे झोडलेत.

म्हणून उत्क्रांती शाळेत असणं मला इतकं महत्त्वाचं वाटतं. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादला म्हणाले की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलं नाही, डार्विन शाळेतून काढा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी लगेच जाहीर विरोध केला. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला आणि धड्याचं नाव नुसतं 'आनुवंशिकता' राहिलं, पुढे तो बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्यांनाच भेटतो. आपल्या राज्य मंडळाने २०१८ मध्ये आणलेल्या दहावीच्या विज्ञान भाग २ च्या पुस्तकात मात्र पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. भाची दहावीला होती तेव्हा तिच्याबरोबर मी तो वाचला, आणि 'जोडणारे दुवे' म्हणून दिलेला पेरिपॅटस, अर्धा गांडुळासारखा आणि अर्धा झुरळाच्या जातकुळीतला, तिने वहीत दोनदा काढला, कारण पहिल्यांदा पाय कमी पडले होते.