हुशार पोरगं आणि गिफ्टेड पोरगं, गल्लत कुठं होते?

सांगलीत स्कॉलरशिपचा निकाल लागला की विश्रामबागपासून मिरजेपर्यंत क्लासवाल्यांचे फ्लेक्स झळकतात आणि मग पालकसभेत हमखास कुणीतरी म्हणतं, बाई आमचं पण गिफ्टेडच आहे, फक्त लक्ष देत नाही. मी झेडपीच्या शाळेत शिकवते, हे इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं एकदा सविस्तर लिहावं. हुशार आणि गिफ्टेड, म्हणजे असामान्य प्रतिभेचं, एकच नव्हे. काही पोरं दोन्ही असतात, त्यांचं कुणाच्याही लक्षात येतं, घोळ होतो तो बाकीच्यांचा.

हुशार मुलाला शिकवलं की कळतं, दोन-तीनदा सराव केला की पक्कं बसतं, वही स्वच्छ, गृहपाठ वेळेत, उत्तराला हात पहिला वर. स्कॉलरशिप असो, पलूसच्या नवोदयची प्रवेश परीक्षा असो नाहीतर साताऱ्याची सैनिक स्कूल, तिथं ही पोरं चमकतात आणि चमकायलाच पाहिजेत, मेहनत असते त्यामागं. पण या परीक्षांत प्रश्नांचे प्रकार ठरलेले असतात, अगदी बुद्धिमत्तेच्या पेपरातसुद्धा. आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, अंकमालिका... वर्षभर रोज असले प्रश्न सोडवून घेतले तर बऱ्यापैकी पोराचे मार्क वाढणारच ना. म्हणजे त्या मार्कात बुद्धी किती आणि सराव किती हे वेगळं काढता येत नाही, आणि आपण मात्र सगळं बुद्धीच्या खात्यावर टाकून मोकळे होतो.

आता दुसरं पोरगं बघा. चौथीच्या वर्गात आयताच्या क्षेत्रफळाची दहा गणितं दिली होती, सगळ्यांनी भराभर केली, एका मुलीनं तीन केली आणि बसली वहीच्या मागच्या पानावर चौकोन काढत. विचारलं तर म्हणाली, बाई, चारी बाजूंची बेरीज तेवढीच ठेवली आणि चौकोन लांबट लांबट करत नेला तर आतली जागा कमी का होतीय? उरलेली सात गणितं कोरीच, त्यामुळं मार्क दहापैकी तीन. हुशार पोराचं काम उत्तर आलं की संपतं, हिचं तिथून सुरू झालं होतं आणि ते सुरू करायला तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मला विचाराल तर हीच सगळ्यात मोठी खूण, बाकीच्या खुणांवर माझा तेवढा विश्वास नाही. तीन वर्षांचं पोरगं देशांच्या राजधान्या घडाघडा म्हणतंय, हे तर बहुतेक वेळा मोबाईल आणि आईची चिकाटी असते. तेच पोरगं न शिकवता पाट्या वाचायला लागलं तर मात्र जरा नीट बघावं.

सांगली बुद्धिबळाचं गाव, भाऊसाहेब पडसलगीकरांमुळं इथल्या कितीतरी पोरांचा हात पटाला लागला. त्या पटावर हा फरक लगेच दिसतो. ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, पाठ असलेलं पोरगं सुरुवातीला लई भारी वाटतं, पण समोरच्यानं पुस्तकाबाहेरची चाल केली की काही पोरं अडतात आणि काहींना तिथूनच मजा यायला लागते. अर्थात पुढं जायला दोघांनाही सराव लागतोच, गिफ्टेडला मेहनत नको हा गैरसमज काढून टाका. रेन्झुली म्हणून अमेरिकेतले एक शिक्षणतज्ज्ञ, त्यांनी १९७८ साली हेच मांडलं की सरासरीपेक्षा वरची क्षमता, सर्जनशीलता आणि कामाला चिकटून राहणं ही तिन्ही जिथं एकत्र येतात तिथं प्रतिभा दिसते.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो ज्यांचं कागदावर उमटत नाही त्यांच्यावर. मार्केट यार्डात हळदीचा हिशोब, क्विंटलचा भाव, हमाली, तोलाई सगळं तोंडी आणि स्वतःच्याच पद्धतीनं आकडे फोडून करणारं पोरगं शाळेत एक ओळ धड लिहीत नाही, मग त्याला आळशी म्हणून सोडून देतात. त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण, असू शकतो आणि ते गिफ्टेडही असू शकतं, दोन्ही एकाच वेळी. तशीच एक गंमत म्हणजे वय आठ, बोलणं बारा वर्षांच्या पोराचं आणि पेन्सिल मोडली की रडणं पाच वर्षांच्या पोराचं. अशा मुलांची वाढ सगळीकडं सारख्या वेगानं होत नाही, त्यात वर्गात कंटाळा आला की खोड्या, म्हणून वात्रट असा शिक्का बसतो. रामानुजन कॉलेजात गणित सोडून बाकी विषयांत नापास झाले होते, आपल्या शाळेत असते तर त्यांनाही जादा तासाला बसवलं असतं आपण!

मग आयक्यू, म्हणजे बुद्ध्यांकाची चाचणी करायची का? सरासरी १०० धरतात, १३० च्या वर साधारण शंभरात दोन मुलं. पण आकड्यावरच सगळं सोडू नका. टर्मन या मानसशास्त्रज्ञानं १९२१ पासून कॅलिफोर्नियात जास्त आयक्यूची दीडएक हजार मुलं निवडून वर्षानुवर्षं अभ्यासली, त्या निवडीत न बसलेल्या शॉकली आणि अल्वारेझ या दोघांना पुढं फिजिक्सचं नोबेल मिळालं.

तरी करायचीच असेल तर मोबाईलवरची फुकट टेस्ट नको. मानसशास्त्रज्ञ समोर बसवून बिने-कामतसारखी चाचणी घेतात ती करा, आणि लिहिण्या-वाचण्याची अडचण वाटत असेल तर ते आधीच सांगा. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत १९६२ पासून या विषयावर काम चालू आहे, तिकडं चौकशी करता येईल. जाण्याआधी महिनाभर एक साधी वही घाला, पोरगं स्वतःहून काय करत बसतं, किती वेळ आणि काय विचारतं, तारीख टाकून लिहा, मार्क त्यात लिहू नका. आणि तोपर्यंत गणितं लवकर संपवणाऱ्या पोराला तसलीच आणखी वीस देऊ नका, एकच द्या पण अवघड द्या.