गुरूचा फोटो आणि थरथरती हवा

उन्हाळ्याच्या दुपारी डांबरी रस्त्यापलीकडची झाडं लवलवताना दिसतात ना, दुर्बिणीतला गुरूही तसाच लवलवतो. अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक विकला. गुरूचं बिंब जवळ आल्यावरही ४५-५० विकलांचं, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चाळिसावा भाग. आठ इंची (म्हणजे आठ इंच व्यासाच्या आरशाची) दुर्बीण त्यावरचे साधारण अर्ध्या विकलेचे तपशील वेगळे दाखवू शकते, पण हवा ते सहज दोन विकलांपर्यंत फासून टाकते. त्यामुळे फोटो धूसर आला की अधिक मॅग्निफिकेशनच्या मागे लागणं मला पैशांची नासाडी वाटते. त्यानं धूसरपणाच मोठा होतो.

हवा मात्र सतत सारखी हलत नाही. मधेच सेकंदाच्या शंभराव्या भागापुरती शांत होते आणि पट्टे लख्ख दिसतात. असे क्षण किती वेळा मिळतील, याचं गणित डेव्हिड फ्रीड यांनी १९७८ साली मांडलं. म्हणून एक फोटो न काढता व्हिडिओ घ्यायचा. सेकंदाला १०० फ्रेम धरल्या, तर दोन मिनिटांत १२,००० फ्रेम होतात. ऑटोस्टॅकर्टसारखं मोफत सॉफ्टवेअर त्यातल्या चांगल्या निवडून, नेमक्या जुळवून एकावर एक रचतं. अशा २,५०० फ्रेमची सरासरी काढली की कॅमेऱ्याचे रवाळ ठिपके ५० पट कमी होतात, कारण हा फायदा फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो.

मग तासभर व्हिडिओ का घेऊ नये? कारण गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. बिंबाच्या मध्यावरचा डाग मिनिटाला जवळपास पाव विकला सरकतो; अडीच मिनिटांत आठ इंची दुर्बिणीची सगळी धार त्यात गेली!

खरी सुधारणा मात्र रेकॉर्डिंगच्या आधीच होते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे गच्चीपेक्षा मातीचं किंवा गवताचं अंगण बरं. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवावी, म्हणजे आरसा निवतो. आरशांची जुळणी ताऱ्यावर तपासावी. आणि ग्रह वर चढेपर्यंत थांबावं, क्षितिजाजवळ हवेचा थर फार जाड असतो. इथे आपण नशीबवान आहोत: गुरू मिथुन राशीत असतो तेव्हा पुण्याहून जवळजवळ डोक्यावर येतो, लंडनहून साठएक अंशांवरच.

शेवटचं काम शार्पनिंगचं, आणि तिथेच हात आवरावा लागतो. वेव्हलेटची, म्हणजे बारीक तपशील ठळक करणाऱ्या सोयीची, पट्टी फार पुढे सरकवली की बिंबाच्या कडेला खोटी कड उमटते, नसलेले ठिपके दिसू लागतात. शंका आली की दहा-पंधरा मिनिटांनी घेतलेल्या दुसऱ्या व्हिडिओशी ताडून पाहावं. खरा डाग ग्रहाबरोबर सरकतो.

१९ जुलै २००९ च्या रात्री ऑस्ट्रेलियातले हौशी निरीक्षक अँथनी वेस्ली साडेचौदा इंची दुर्बिणीतून गुरू टिपत होते. हवा बिघडत चालली होती, ते आवरणारच होते, पण अजून अर्धा तास थांबले. दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग दिसला. गुरूच्याच एखाद्या उपग्रहाची सावली असेल, असं आधी वाटलं. पण तो गुरूच्या गतीनंच सरकत होता. नंतर हवाईच्या इन्फ्रारेड दुर्बिणीत तीच जागा चमकताना दिसली: गुरूवर काहीतरी येऊन आदळलं होतं.