पिल्लाच्या पोटातली शिदोरी

एसटी स्टँडवर भोकाभोकांच्या खोक्यातून कोंबडीची शंभर पिल्लं उतरली आणि शेजारच्या आजी कळवळल्या, "कालपासून उपाशी गं लेकरं!" पण त्यांची शिदोरी त्यांच्या पोटातच होती.

अंड्यातल्या बलकाचंच पिल्लू होतं, असं पुष्कळांना वाटतं. पिल्लू घडतं ते बलकावरच्या तीन-चार मिलिमीटरच्या फिकट ठिपक्यातून; बलक हा नुसता डबा. तो 21 दिवसांत संपतही नाही. कवच फुटण्याच्या एक-दोन दिवस आधी उरलेला बलक पिशवीसकट बेंबीतून पोटात ओढला जातो आणि मागे बेंबी मिटते. पिल्लू तळहातावर उताणं धरा, तिथे बारीक खूण दिसेल. ती ओली, उघडी असेल तर जंतू थेट बलकापर्यंत पोचतात. अशी पिल्लं पोट फुगून दगावतात.

हा बलक दोन वाटांनी वापरला जातो. पिशवीच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या तो शोषतात आणि एक अरुंद नळी त्याला थेट लहान आतड्यात सोडते. त्यातली चरबी जळताना पाणीही तयार होतं, शिवाय आईची प्रतिपिंडं मिळतात ती वेगळीच. म्हणूनच अमेरिकेत 1918 पासून एका दिवसाची पिल्लं पोस्टाने जातात! पण शिदोरी आहे म्हणून खाद्य उशिरा द्यायचं नाही. दाणा पोटात गेला की आतडं हलू लागतं आणि बलक उलट लवकर वापरला जातो.

शिदोरीत ऊब मात्र नसते. लव अंगाची उष्णता धरत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश लागतात, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. थर्मामीटर नसला तरी चालेल: बल्बखाली गर्दी झाली तर थंडी, चोची उघड्या टाकून कडेला पांगली तर उकाडा. पिसं आधी पंखांवर फुटतात आणि पाच-सहा आठवड्यांत अंगभर येतात.

तेवढ्या वयात ब्रॉयलर दोन किलोचा होऊन कापायलाही जातो. "इंजेक्शन देतात" ही त्यावरची लोणकढी थाप. कॅनडात 1957, 1978 आणि 2005 च्या वाणांची पिल्लं एकाच खाद्यावर वाढवली, तेव्हा 56 व्या दिवशी वजनं भरली 905, 1808 आणि 4202 ग्रॅम. फरक पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीचा.

आजींची पिल्लं गावरान. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, होऊन अंड्यावर यायला त्यांना सहाएक महिने लागतील. सध्या आजींनी कण्या पसरल्यात आणि पाण्याच्या ताटलीत खडे टाकलेत, पिल्लं बुडू नयेत म्हणून.