तिकडे गाडी स्वस्त मिळते, पण ठेवायला किती पडते?

परदेशी शिफ्ट होणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आमचं ऑफिस छोटं, दादरला, आणि काम सगळं आरटीओच्या आसपासचं. गाडी ट्रान्सफर, बँकेचं एचपी (आरसीवरची लोनची नोंद) काढणं, एनओसी, लायसन्स रिन्यूअल, इंटरनॅशनल परमिट. यातले बरेच जण आता बाहेरच्या देशात चाललेले असतात, कुणी दुबई, कुणी लंडन, कुणी न्यू जर्सी, हल्ली जर्मनीवालेही खूप, आणि खुर्चीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न ठरलेला, "तिकडे सेकंडहँड गाडी केवढ्याला मिळते हो?"

मिळते. पगाराच्या मानाने बघितलं तर इकडच्यापेक्षा स्वस्तच मिळते. पण विचारायचं ते हे नाही, विचारायचं ते की पहिल्या वर्षी ती गाडी दारात उभी ठेवायला किती लागतात, कारण इकडे तुम्ही वीस वर्षं गाडी चालवताय, दर गणपतीला कशेडी घाट पार करून कोकणात नेलीय, एक क्लेम नाही, एक ओरखडा नाही, आणि तिकडच्या इन्शुरन्सवाल्याच्या कॉम्प्युटरला मात्र तुम्ही म्हणजे काल क्लच सोडायला शिकलेला पोरगा. सगळा खर्च इथून सुरू होतो.

इन्शुरन्स, हाच मोठा घास

आमचे मुलुंडचे एक कस्टमर लंडनजवळ हॅरोला गेले. महिन्याभरात व्हॉट्सॅपवर स्क्रीनशॉट आला, खाली फक्त "हे काय आहे??" इन्शुरन्सचा ऑनलाइन फॉर्म होता. लायसन्स कुठलं, तर परदेशी. नो क्लेमची वर्षं किती, तर शून्य, कारण पुरावा जवळ नव्हता. आणि खाली प्रीमियम, गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त! माणूस पन्नाशीचा, इकडे ५० टक्के एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट) खाणारा, पण तो कागद त्यांनी घेतलाच नव्हता, गाडी डीलरला दिली, चेक घेतला, विमानात बसले.

म्हणून इकडची गाडी विकताना हे विसरू नका. एनसीबी गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी विकली की इन्शुरन्स कंपनीकडून एनसीबी सर्टिफिकेट मागून घ्यायचं, ट्रान्सफरचे कागद दाखवावे लागतात. भारतात ते ३ वर्षं चालतं, म्हणजे लवकर परत आलात तर नव्या गाडीला लावता येईल. आणि त्याच वेळी लेटरहेडवर, इंग्रजीत, गेल्या पाच-सात वर्षांच्या पॉलिसी नंबरांसकट "इतक्या वर्षांत क्लेम नाही" असं पत्र सहीशिक्क्याने घ्या. तिकडची प्रत्येक कंपनी ते मान्य करेल असं नाही, काही सरळ नाही म्हणतात, काही दोन-तीन वर्षं धरतात, पण दाखवायला कागद असेल तरच विचारता येतं ना. बाहेर गेल्यावर इथल्या ब्रँचला मेल टाकून हे पत्र काढायचं म्हणजे काय ते आम्ही बघितलंय, नका त्या भानगडीत पडू.

दुसरा कागद म्हणजे लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट, आरटीओकडून मिळतो. रिन्यूअल झालेल्या कार्डावर नवी तारीख ठळक दिसते आणि समोरच्याला वाटतं तुम्ही दोन वर्षांपूर्वी शिकलात. एक्स्ट्रॅक्टमध्ये पहिल्यांदा लायसन्स कधी निघालं ते येतं.

ब्रिटनमध्ये प्रीमियमवर १२ टक्के टॅक्स आहे, पोस्टकोड बदलला की रेट बदलतो, हप्त्याने भरलात तर वर व्याज. बायकोला किंवा नवऱ्याला दुसरा ड्रायव्हर म्हणून टाकून बघा, कधीकधी रेट खाली येतो. पण गाडी पोरगा चालवणार आणि मेन ड्रायव्हर म्हणून बाबांचं नाव, असलं काही करू नका, ती तिकडे फसवणूक धरतात आणि क्लेमच्या वेळी हात वर करतात. अमेरिकेत तर बहुतेक राज्यांत तुमची क्रेडिट हिस्टरीसुद्धा प्रीमियममध्ये मोजतात, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, हवाई इथे ते चालत नाही, पण बाकी ठिकाणी नव्या माणसाला दोन्हीकडून फटका, गाडीची हिस्टरी नाही आणि क्रेडिटचीही नाही. तिकडे पॉलिसी बऱ्याचदा ६ महिन्यांची असते, तेव्हा आकडा बघून "अरे, स्वस्त आहे की" म्हणण्याआधी दोनने गुणा. आणि कायद्याने लागतं तेवढंच कमीत कमी कव्हर घेऊ नका, तिकडचं हॉस्पिटलचं बिल त्या लिमिटला दोन दिवसांत ओलांडतं, वरचे पैसे तुमच्या खिशातून.

लायसन्सचाही खर्च धरा

इंटरनॅशनल परमिट आरटीओतून निघतं, सरकारी फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. ताडदेव, वडाळा, अंधेरी, बोरिवली, जिकडे तुमचा पत्ता पडतो तिकडून. लोकांना वाटतं हे मिळालं की झालं. तसं नाही, ते फिरायला गेलेल्या माणसासाठी आणि सुरुवातीच्या दिवसांसाठी. तुम्ही राहायला गेलात की घड्याळ सुरू होतं.

ब्रिटनमध्ये आपल्या लायसन्सवर १२ महिने चालवता येतं. भारताचं लायसन्स सरळ बदलून मिळत नाही, प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स काढायचं (ऑनलाइन ३४ पौंड), थिअरी टेस्ट २३ पौंड, प्रॅक्टिकल वीकडेला ६२, वीकेंडला ७५. आकडे छोटे वाटतात, पण टेस्टची तारीख मिळायला महिने जातात आणि मधे राउंडअबाउट शिकायला इन्स्ट्रक्टरचे चार-सहा तास लागतातच, ते तासावर. मुंबईचा ड्रायव्हर पहिल्या टेस्टला हमखास आरशात न बघितल्याबद्दल नापास होतो (आम्हीही झालो असतो).

जर्मनीत ६ महिने. नंतर तिथली थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही. तुमच्याकडे आधीचं लायसन्स असल्यामुळे नवशिक्यासारखे सगळे कंपल्सरी क्लास लागत नाहीत, पण टेस्ट ड्रायव्हिंग स्कूलमधूनच, त्यांच्याच गाडीत, त्यामुळे शाळेची फी भरावीच लागते. पोहोचल्यावर पाचव्या महिन्यात जाग येऊन उपयोग नाही.

दुबईत फिरायला गेलात तर परमिटवर चालवा, पण रेसिडन्स व्हिसा लागला की तिथलंच लायसन्स लागतं. क्लासेस, फाइल, डोळे तपासणी, टेस्ट, नापास झालात की परत फी, असं करत हजारो दिरहम जातात. ऑटोमॅटिकवर टेस्ट दिलीत तर मॅन्युअल चालवता येत नाही हेही लक्षात ठेवा.

रोजचे चटके

मुंबईच्या पाच एन्ट्री नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून कारला टोल नाही, त्यामुळे आपली रोजचा टोल मोजायची सवय गेलीय, अटल सेतूचे २५० भरताना तेवढं कुरकुरतो. दुबईत सालिकचं, म्हणजे तिथल्या टोलचं गेट पीक अवरला ६ दिरहम आहे, जानेवारी २०२५ च्या शेवटापासून, बाकी वेळेला ४, रात्री १ ते सकाळी ६ फुकट. पीक म्हणजे सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ४ ते ८, म्हणजे नेमकी तुमची ऑफिसची वेळ. जाता-येता एकच गेट लागलं तरी १२ दिरहम, महिन्याचे २२ दिवस धरा, २६४. दोन गेट असतील तर डबल. शेजारच्या शारजात भाडं कमी म्हणून तिकडे घर घेणाऱ्यांनी हा आकडा आणि ट्रॅफिकमधला वेळ दोन्ही भाड्यात मिळवून मग ठरवावं.

लंडनला कंजेशन चार्ज, म्हणजे सेंट्रल लंडनमध्ये गाडी नेण्याची फी, २ जानेवारी २०२६ पासून दिवसाला १८ पौंड झाला. रोज ऑफिसला सेंट्रल लंडनमध्ये गाडी नेणार असाल तर महिन्याला ३९६ पौंड, म्हणजे नेऊच नका, ट्रेन आहे. पण युलेझ, म्हणजे धूर जास्त सोडणाऱ्या गाड्यांवरचा चार्ज, वेगळं. ते २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोंना (विभागांना) लागू झालं, जुनी गाडी त्यांच्या नियमात बसत नसेल तर ज्या दिवशी चालवाल त्या दिवशी साडेबारा पौंड, मग ती किराणा आणायला काढलेली का असेना. पेट्रोल गाडी युरो ४ आणि डिझेल युरो ६ पाहिजे (आपल्या बीएससारखे तिकडचे धुराचे नियम). एखादी डिझेल गाडी फारच स्वस्तात दिसली तर "व्वा, डील" म्हणायच्या आधी ती युरो ५ तर नाही ना बघा. ती स्वस्त का आहे ते तिथेच कळेल.

वर्षाचा रोड टॅक्स वेगळा. इकडे आपण नवी गाडी घेताना एकदाच भरतो आणि विसरतो, ब्रिटनमध्ये दरवर्षी. २०२५-२६ ला बहुतेक गाड्यांना १९५ पौंड होता, आणि एप्रिल २०२५ पासून इलेक्ट्रिकचीही सूट संपली. जुन्या मालकाने भरलेला टॅक्स गाडीबरोबर येत नाही, तुम्हाला पहिल्या दिवसापासून नवा भरावा लागतो. शिवाय गाडी ३ वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी, म्हणजे आपल्याकडच्या पासिंगसारखी तपासणी, फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड, पण खर्च फीचा नसतो, टायर, ब्रेक, गंजलेला पत्रा असं जे निघेल त्याचा असतो. इकडे माटुंग्याच्या गॅरेजवाल्याला "अजून सहा महिने काढू या ना" म्हणता येतं. तिकडे गाडी फेल म्हणजे फेल.

जर्मनीचा टॅक्स मात्र गंमत आहे, १२०० सीसीची पेट्रोल गाडी आणि सीओटू किलोमीटरला १२० ग्रॅम असेल तर इंजिनचे २४ आणि सीओटूचे ५१, मिळून वर्षाला ७५ युरो फक्त. ऑटोबानला कारला टोलही नाही. मग पैसे जातात कुठे? लायसन्समध्ये, इन्शुरन्समध्ये आणि टायरमध्ये. बर्फात विंटर टायर नसतील तर ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक पेनल्टी पॉइंट, म्हणून टायरचे दोन सेट लागतात, ऑक्टोबरमध्ये चढवायचे आणि ईस्टरला उतरवायचे, आणि उरलेले चार टायर ठेवायचे कुठे हाही प्रश्न, फ्लॅटला बेसमेंट नसेल तर गॅरेजवाला ठेवून घेतो, अर्थातच पैसे घेऊन. टीयूव्हीची तपासणी (तिकडचं पासिंग) दर २ वर्षांनी.

दुबईत उलटं, तिथे ऊन टायर खातं. ५ वर्षांपेक्षा जुना टायर चालत नाही, नक्षी कितीही शिल्लक असो. बॅटरी दोन-तीन उन्हाळ्यांत बसते. मुल्किया, म्हणजे तिथली आरसी, दरवर्षी रिन्यू, त्याआधी सगळे दंड भरलेले पाहिजेत, आणि रडारचे दंड असे साचतात की वर्षाच्या शेवटी बघून चक्कर येते. लोन घेणार असाल तर बँक ८० टक्क्यांपर्यंतच देते आणि ६० महिन्यांच्या वर नाही. नोकरी गेली किंवा परत यायचं ठरलं तर आधी लोन मिटवायचं, मग गाडी विकायची, मग विमान.

सिंगापूरवाल्यांना एवढंच सांगतो, तिथे गाडीच्या आधी गाडी ठेवायचा १० वर्षांचा परवाना लिलावात घ्यावा लागतो, आणि २०२३ मध्ये छोट्या गाडीचा परवानाच एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेला होता. एमआरटीचं, म्हणजे तिथल्या मेट्रोचं कार्ड काढा.

आणि एक खर्च कुणीच धरत नाही. इकडे सकाळी सहाला बादली आणि फडकं घेऊन येणारा माणूस महिन्याला काही शे रुपयांत गाडी पुसून जातो, पंक्चरवाला कोपऱ्यावर, वॉचमन रिव्हर्सला हात दाखवतो. तिकडे मजुरी तासावर आहे. दाराला साधा डेंट पडला तरी बिल बघून लोक तो डेंट तसाच घेऊन फिरतात. हवा स्वतः भरायची, पेट्रोल स्वतः भरायचं (फक्त न्यू जर्सीत अजून पंपावर माणूस भरून देतो, एडिसनवाल्यांनी खूश व्हावं).

आणि इथली गाडी?

इथून गाडी बोटीने न्यायची का, असं विचारणारे अजून येतात. दुबई, जर्मनी, अमेरिका, सगळीकडे स्टिअरिंग डावीकडे. ब्रिटनमध्ये आपल्यासारखं आहे, पण तिथली मान्यता, तपासणी, भाडं धरून तेवढ्यात तिकडे दुसरी गाडी येते. नको.

"बाबा रविवारी सुरू करून ठेवतील" हेही नको. पार्ल्याच्या एका कस्टमरने ठेवली होती, कव्हर घालून, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. पहिले दोन महिने बाबांनी सुरू केली, मग गुडघा दुखायला लागला, मग पाऊस लागला. दिवाळीला पोरगा आला तेव्हा सीटबेल्टवर पांढरी बुरशी, चारही टायर बसलेले, आणि बॉनेट उघडलं तर उंदराने वायरिंगवर घर केलेलं, कुरतडलेल्या फोमची मऊ गादी करून. उभी गाडी कधी रस्त्यावर काढायची तर थर्ड पार्टी इन्शुरन्स कायद्याने लागतो, सोसायटीचे पार्किंगचे पैसे लागतात, पीयूसी लागतं, आणि २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेटसुद्धा.

विकताना ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० नुसत्या सह्या करून डीलरच्या हातात देऊ नका, गाडी नव्या नावावर चढल्याचं ऑनलाइन बघा, नाहीतर तुम्ही फ्रँकफर्टला आणि वांद्र्याच्या सिग्नलचं चलान तुमच्या नावावर. लोन संपलं असेल तर एचपी काढायचा बँकेचा फॉर्म ३५ आधी घ्या. फास्टॅग बंद करा, हे सगळे विसरतात, आणि मग कुणीतरी तुमच्या पैशाने पुण्याला जाऊन येतो.

या सगळ्याला तिकिटाच्या आधी निदान दोन महिने द्या. येताना आरसी, चालू पॉलिसी, शक्य तेवढ्या जुन्या पॉलिसी, लायसन्स, पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स आणा. पुढच्या आठवड्यात फ्लाइट आहे म्हणत आलात तरी परमिट आणि एनसीबीच्या मागे आम्ही लागतो, पण ट्रान्सफरसाठी घरातल्या कुणाच्या तरी नावाने ऑथॉरिटी लेटर देऊन जावं लागेल, आणि त्या माणसाला आधी विचारून ठेवा.